निकडीची स्पर्धा : बॉम्बफेकी विमानदलांच्या नाट्यातील प्रेमाचा त्रिकोण

दुसरे महायुद्ध चालू असताना आणि ते संपल्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत बॉम्बफेकी विमानांतून लढणाऱ्या तरुणांविषयी इंग्रजीत जी नाटके, कादंबऱ्या आणि चित्रपट निर्माण झाले, त्यांतील बऱ्याच कृतींत विमानतळाच्या कुंपणापलीकडे एक स्त्री आणि तिच्यावर प्रेम करणारे दोन पुरुष आढळतात. समीक्षकांनी या त्रिकोणाकडे सहसा तिकीटबारीची सोय म्हणून पाहिले. युद्धकथा कोरडी होऊ नये म्हणून लेखकाने वरून टाकलेला मसाला, एवढीच त्याची किंमत केली गेली. हे मत सरसकट खोटे म्हणता येत नाही, कारण अशा मसालेदार कृती पुष्कळ झाल्या आणि त्या विस्मृतीत गेल्या यात कुणाचे फारसे नुकसान झालेले नाही. परंतु टेरेन्स रॅटिगन यांचे 'फ्लेअर पाथ' हे १९४२ साली रंगभूमीवर आलेले नाटक, आणि जॉन हर्सी यांची 'द वॉर लव्हर' ही १९५९ सालची कादंबरी व तिच्यावरून १९६२ मध्ये निघालेला त्याच नावाचा चित्रपट, यांना हा न्याय लागू पडत नाही. या कृतींतून त्रिकोण वजा केला, तर युद्धाविषयी त्यांना जे सांगायचे आहे तेच वजा होते. प्रस्तुत व्याख्यानाचा भर मुख्यतः रॅटिगन यांच्या नाटकावर आहे. हर्सी यांची कृती त्याच्या शेजारी ठेवली म्हणजे त्या नाटकाची घडण अधिक स्पष्ट होते, यासाठी ती विचारात घेतली आहे.

नाटकाचे नाव ज्या वस्तूवरून आले तिची ओळख आधी करून घेणे सोयीचे होईल. रात्री उडणाऱ्या विमानांना धावपट्टी दिसावी म्हणून तिच्या कडेने जी दिव्यांची ओळ लावली जाई, तिला वायुदलात 'फ्लेअर पाथ' म्हणत. युद्धाच्या आरंभीच्या वर्षांत हे दिवे बहुधा पॅराफिनवर जळणारे, लांब तोटीचे टेंभे असत. सगळ्या देशात सक्तीचा अंधार असताना एवढीच ओळ उजेडाची, आणि ती शत्रूलाही तितकीच स्पष्ट दिसणारी, म्हणून विमान उडताना किंवा उतरताना तेवढ्यापुरतीच ती पेटवावी लागे. ही भीती काल्पनिक नव्हती. १९४१ च्या ऑक्टोबरपर्यंत जर्मन वायुदलाची रात्रीची लढाऊ विमाने इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील, विशेषतः लिंकनशायरमधील तळांभोवती दबा धरून असत आणि बॉम्बच्या व पेट्रोलच्या ओझ्याने जड झालेले विमान धावपट्टी सोडत असतानाच त्याला गाठत. नाटकात नेमका असाच एक हल्ला होतो. वैमानिकाला घरी आणणारा दिवाच त्याचा ठावठिकाणा फोडतो, हा या दिव्यांचा दुहेरी स्वभाव रॅटिगन यांनी नावातच घेतला आणि मग नाटकभर त्याचा गवगवा केला नाही, हे त्यांच्या संयमाला धरूनच झाले.

ज्या दलाबद्दल हे नाटक आहे त्या बॉम्बर कमांडची, म्हणजे ब्रिटिश वायुदलाच्या बॉम्बफेकी शाखेची, स्थिती आकड्यांत सांगितली तर ती अशी : युद्धकाळात सुमारे सव्वा लाख माणसे तिच्या विमानांतून लढली आणि त्यांपैकी ५५,५७३ मरण पावली. विमानात चढणारा प्रत्येक जण स्वेच्छेने आलेला होता. तीस मोहिमा पुऱ्या केल्या की एक फेरी संपे, त्यानंतर काही महिने शिकवण्याचे वगैरे हलके काम मिळे आणि पुढे दुसऱ्या फेरीसाठी पुन्हा बोलावणे येऊ शके. लढवय्यांचा प्रत्येक गट, ज्याला 'क्रू' म्हणत, तो ज्या रीतीने तयार होई ती रीत मोठी विलक्षण होती. प्रशिक्षण संपत आले की वैमानिक, मार्ग काढणारे, बिनतारी यंत्र सांभाळणारे, बॉम्ब टाकणारे आणि तोफा चालवणारे अशा सगळ्यांना एका मोठ्या शेडमध्ये सोडून देत आणि आपापले साथीदार आपणच निवडा, असे सांगत. एरवी प्रत्येक गोष्ट हुकुमाने करणाऱ्या सैन्याने मरणाची सोबत ठरवण्याचे काम मात्र एक प्रकारच्या स्वयंवरावर सोपवले होते. अशा रीतीने जमलेला गट एकत्र जेवे, एकत्र पिई, एकमेकांच्या चुकांवर पांघरूण घाली. जी पत्नी अशा माणसाला शनिवार-रविवारी भेटायला येई, तिला नवऱ्याच्या आयुष्यात आधीच एक लग्न लागून गेले आहे याची जाणीव होत असणारच.

या गटात एका गोष्टीला मात्र जागा नव्हती, ती म्हणजे उघडपणे बोलून दाखवलेली भीती. ज्याने पुढच्या मोहिमेवर जाण्यास नकार दिला, त्याच्या कागदपत्रांवर 'नैतिक धैर्याचा अभाव' असा शेरा पडे. या शेऱ्याची तीन इंग्रजी आद्याक्षरे तळातळावर दबक्या आवाजात बोलली जात, आणि शेरा पडलेला माणूस पदचिन्हे गमावून, इतरांना संसर्ग होऊ नये अशा घाईने, तळावरून हलवला जाई. मनाचा थकवा आणि भ्याडपणा यांत फरक करण्याची वायुदलाची तयारी फार थोडी होती. पहिल्या महायुद्धात आघाडीवर डॉक्टर म्हणून राहिलेले आणि पुढे चर्चिल यांचे वैद्य झालेले लॉर्ड मोरान यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात, धैर्य ही प्रत्येक माणसाजवळची मर्यादित ठेव असून ती युद्धात खर्च होत जाते, असा सिद्धांत मांडला. पण तोवर युद्ध संपत आले होते. रॅटिगन यांनी १९४१ मध्ये लिहिताना हीच गोष्ट एका तरुण वैमानिकाच्या तोंडून वदवली. वैमानिक ती कुणाजवळ बोलू शकेल, या प्रश्नातून नाटकाचा त्रिकोण निघाला आहे.

नाटक सगळेच्या सगळे लिंकनशायरमधील मिल्चेस्टर या कल्पित गावच्या फाल्कन हॉटेलातील बैठकीच्या खोलीत घडते. शनिवारची संध्याकाळ आहे. फ्लाइट लेफ्टनंट टेडी ग्रॅहॅम या वैमानिकाची बायको पॅट्रिशिया त्याला भेटायला आली आहे. ती व्यवसायाने अभिनेत्री असून, ओळख झाल्यावर अवघ्या काही दिवसांत, युद्धकाळातल्या घाईने, तिने त्याच्याशी लग्न केले आहे. तिला त्याला सांगायचे आहे ते असे, की तिचे आधीपासून पीटर काइल या चित्रपटनटावर प्रेम होते, ते अजून आहे आणि ती त्याच्याकडे जाणार आहे. हे सांगण्याची वेळ येण्यापूर्वीच काइल स्वतः हॉटेलात येऊन थडकतो. हॉटेलात आणखी दोन जोडपी आहेत. डोरिस ही पूर्वी दारूच्या गुत्त्यात काम करणारी बाई एका पोलिश काउंटशी लग्न करून काउंटेस झाली आहे. काउंटची पहिली पत्नी आणि मूल नाझींच्या हातून मारले गेले आहेत आणि त्याला धड इंग्रजी बोलता येत नाही. सार्जंट डस्टी मिलर हा विमानाच्या शेपटीतील तोफ चालवणारा, आणि त्याची बायको मॉडी ही धुलाई-कारखान्यात काम करणारी. तिच्या बोलण्यात युद्धाइतकाच बसच्या वेळापत्रकाचाही धाक आहे. मालकीण मिसेस ओक्स पाहुण्यांना खोल्या वाटते, पर्सी नावाचा पोर पेये आणून देतो आणि त्याला विमानांची माहिती अधिकाऱ्यांपेक्षा जास्त असते. इतक्यात त्या रात्री अचानक मोहीम निघते आणि तिघे पुरुष उठून जातात.

यानंतर रंगमंचावर उरतात त्या तीन स्त्रिया आणि एक असा पुरुष, ज्याला जाण्यासाठी कुठेही जागा नाही. काइलची ही अवस्था रॅटिगन यांनी मोठ्या आस्थेने रंगवली आहे. सामान्य नाटककाराने या नटाला छचोर, घमेंडखोर आणि म्हणूनच सहज हरणारा केला असता. येथे तो प्रामाणिकपणे प्रेम करणारा आहे, वय वाढत चालल्यामुळे पडद्यावरची मागणी घटत गेलेला आहे, आणि ज्या युद्धाने इतर सगळ्यांना काहीतरी काम दिले त्याने आपल्याला बाहेर ठेवले आहे, हे त्याला पुरते कळलेले आहे. तो पॅट्रिशियाला सांगतो त्याचा मथितार्थ असा, की तुझ्यावाचून माझे काहीच उरणार नाही. हे कारण लबाडीचे नाही. पहाटे टेडी परत येतो. त्याच्या विमानाला मार बसलेला आहे, तरी त्याने ते घरी आणले आहे आणि त्याच्या गटाच्या लेखी तो वीर ठरला आहे. मात्र बायकोबरोबर एकटा राहिल्यावर तो कोसळतो. थट्टामस्करी करणारा, टोपणनावे ठेवणारा, कशाचे काही न वाटणारा टेडी हे आपण रोज चढवत असलेले सोंग आहे, भीतीने आपले हात-पाय गळतात, आणि ते साथीदारांना कळेल याची भीती मरणाच्या भीतीहून मोठी आहे, हे तो तिला रडत सांगतो. तोही काय सांगतो आहे? तुझ्यावाचून माझा निभाव लागणार नाही, एवढेच.

प्रतिस्पर्ध्यांची ही लढत म्हणूनच बळाची लढत राहत नाही, ती निकडीची होते. दोघेही पुरुष आपले शौर्य, रूप किंवा ऐश्वर्य पुढे करत नाहीत. दोघेही आपले उणेपण पुढे करतात, आणि पॅट्रिशियाला दोन गरजांमधील मोठी कोणती हे ठरवावे लागते. मराठी प्रेक्षकाला या ठिकाणी 'संगीत मानापमान' आठवणे स्वाभाविक आहे. योगायोग असा, की खाडिलकरांचे ते नाटक ज्या १९११ साली रंगभूमीवर आले त्याच साली रॅटिगन यांचा जन्म झाला. 'मानापमाना'तही एकीकडे सैनिक आणि दुसरीकडे प्रतिष्ठेचा वर अशी जोडी आहे, पण तेथे भामिनीचे मन वळते ते धैर्यधराचे धैर्य सिद्ध झाल्यामुळे आणि लक्ष्मीधराचा भित्रेपणा उघडा पडल्यामुळे. तिथला निकाल नीतीचा आहे आणि प्रेक्षक तो पहिल्या अंकापासून ओळखून असतो. रॅटिगन यांनी हे समीकरण उलटे केले आहे. त्यांचा सैनिक आपल्या भित्रेपणाच्या कबुलीमुळे जिंकतो, आणि जिंकला हे त्याला कळतदेखील नाही, कारण आपल्याला प्रतिस्पर्धी होता याचा पत्ता त्याला नाटक संपेपर्यंत लागत नाही.

युद्ध ऐन भरात असताना असे नाटक वायुदलाने चालू दिले, याचे आज आश्चर्य वाटते. रॅटिगन स्वतः त्या वेळी वायुदलात होते. समुद्रावर गस्त घालणाऱ्या कोस्टल कमांडमध्ये बिनतारी यंत्र आणि तोफ अशी दोन्ही कामे त्यांच्याकडे होती. 'फ्रेंच विदाउट टिअर्स' या सुखात्मिकेच्या मोठ्या यशानंतर त्यांचे लेखन अडले होते आणि एका मानसोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्याने ते सैन्यात गेले होते. पश्चिम आफ्रिकेकडे जाणाऱ्या त्यांच्या विमानावर वाटेत हल्ला होऊन एक इंजिन निकामी झाले, वजन कमी करण्यासाठी हाताला लागेल ते बाहेर फेकण्याचा हुकूम सुटला, तेव्हा रॅटिगन यांनी आपल्या वहीचे जाड पुठ्ठे फाडून टाकले आणि लिहिलेले कागद तेवढे ठेवून घेतले, अशी हकीकत त्यांच्या चरित्रांत येते. ते कागद म्हणजे 'फ्लेअर पाथ'. लोकांना युद्धाचे नाटक नको आहे या समजुतीने निर्मात्यांनी आधी ते नाकारले. पुढे १३ ऑगस्ट १९४२ रोजी लंडनच्या अपोलो थिएटरात, अँथनी अस्क्विथ यांच्या दिग्दर्शनाखाली ते उभे राहिले आणि सहाशेहून अधिक प्रयोग चालले. चर्चिल यांनी नाटक पाहून त्याच्या अल्पभाषीपणाची तारीफ केली आणि हा गुण आपल्या राष्ट्राचाच असल्याचे सुचवले. त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये मात्र ते दोन आठवड्यांतच बंद पडले. तेथे टेडीची भूमिका करण्यासाठी ब्रिटिश नौदलाने अलेक गिनेस यांना रजा दिली होती, तीही कामी आली नाही. न बोललेले ऐकण्याची सवय ज्या प्रेक्षकाला नाही, त्याच्यासमोर हे नाटक उणे पडणार, हे उघड आहे.

चर्चिल यांना दिसलेला हा अल्पभाषीपणा राष्ट्रीय गुण होता असे मानण्याचे मात्र कारण नाही. रॅटिगन समलिंगी होते, आणि १९६७ पर्यंत इंग्लंडमध्ये तो गुन्हा होता; भावना लपवून जगणे म्हणजे काय याचे शिक्षण त्यांना वायुदलात जाण्याच्या कितीतरी आधी मिळाले होते. टेडीचे सोंग इतक्या बारकाव्याने लिहिले गेले याचे कारण काही अंशी तरी तेथे शोधावे लागते.

नाटकातील एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. त्या रात्री काउंटचे विमान परतत नाही. मोहिमेवर जाण्यापूर्वी त्याने डोरिससाठी एक पत्र लिहून ठेवलेले असते, पण ते फ्रेंचमध्ये, कारण इंग्रजीत मनातले लिहिण्याइतकी ती भाषा त्याला येत नाही आणि डोरिसला फ्रेंचचे अक्षर कळत नाही. हॉटेलात फ्रेंच जाणणारा माणूस एकच, तो म्हणजे काइल. डोरिस ते पत्र त्याच्या हाती देते आणि वाचून दाखवायला सांगते. आता परिस्थिती अशी आहे, की पॅट्रिशियाने काइलला नकार दिलेला आहे, तो चिडलेला आहे, आणि टेडीला सगळे सांगून टाकण्याची धमकी त्याने नुकतीच दिली आहे. अशा माणसाला दुसऱ्या एका वैमानिकाच्या, बहुधा मेलेल्या वैमानिकाच्या, प्रेमाचा उच्चार आपल्या तोंडाने, 'मी' आणि 'तू' या सर्वनामांसह करावा लागतो. लोक आपल्याला काय समजतात, आपल्या नवऱ्याने आपल्याशी सोय म्हणून लग्न केले असे मागे कोण बोलते, हे डोरिस जाणून आहे. युद्ध संपल्यावर तो आपल्याला पोलंडला नेईल की नाही, याची तिलाही खात्री नाही. त्या शंकेचे उत्तर पत्रात आहे आणि ते तिला परक्या माणसाच्या आवाजात ऐकावे लागते. काइल वाचत राहतो. संवाद अगदी साधे आहेत, त्यात एकही टाळी घेण्याजोगे वाक्य नाही. वाचून झाल्यावर तो पॅट्रिशियाच्या नवऱ्याला काही न सांगता हॉटेल सोडून जातो. प्रतिस्पर्ध्याचे हे माघार घेणे त्यागाच्या भाषणाने सिद्ध करण्याचा मोह कोणत्याही नाटककाराला झाला असता. रॅटिगन यांनी ते भाषांतराच्या कामातून सिद्ध केले. पुढे काउंट समुद्रातून वाचून, ओलाचिंब नव्हे तरी पुरता थकून, जिवंत परततो आणि नाटक गाण्याबजावण्यात संपते. या सुखान्ताला अनेकांनी नावे ठेवली आहेत. आक्षेप रास्त आहे, परंतु १९४२ च्या ऑगस्टमध्ये त्या नाट्यगृहात बसलेल्या बायकांपैकी कितीजणी उत्तराची वाट पाहत होत्या हे ध्यानात घेतले, तर नाटककाराला एक काउंट परत आणल्याबद्दल फार दोष देता येत नाही.

रॅटिगन यांचे नाटक आणि 'द वॉर लव्हर' या दोन टोकांच्या मध्ये 'अपॉइंटमेंट इन लंडन' हा १९५३ चा चित्रपट येतो. कथा आणि संगीत अशा दोन्ही बाजू सांभाळणारे जॉन वूलड्रिज स्वतः युद्धात बॉम्बफेकी वैमानिक होते, त्यामुळे तळावरचे जीवन त्यात अचूक उतरले आहे. डर्क बोगार्ड यांनी रंगवलेला विंग कमांडर मेसन नव्वद मोहिमांचा आकडा गाठण्याच्या मागे लागलेला आहे आणि एका तरुण विधवेवर त्याचे व एका अमेरिकन अधिकाऱ्याचे मन बसले आहे. पण येथे दोघे प्रतिस्पर्धी एकमेकांशी इतक्या सौजन्याने वागतात, की स्पर्धा कुणाला बोचतच नाही. मेसनचा खरा ध्यास नव्वद या आकड्याचा असल्यामुळे स्त्रीला दुसऱ्या नंबरावर थांबावे लागते, आणि चित्रपटाला त्यात काही वावगे दिसत नाही. या चित्रपटाचे दिग्दर्शक फिलिप लीकॉक यांनीच नऊ वर्षांनी 'द वॉर लव्हर' दिग्दर्शित केला, आणि त्यात मात्र आकड्यांच्या ध्यासाकडे संशयाने पाहिले.

'द वॉर लव्हर'चे कथानक अमेरिकन वायुदलाच्या बी-१७ या विमानात घडते. ब्रिटिश दल रात्री हल्ला करी, अमेरिकन दल भरदिवसा, दाट रांगा धरून, आणि त्याची किंमतही तशीच मोजी : १४ ऑक्टोबर १९४३ रोजी श्वाइनफुर्ट या शहरावर गेलेल्या २९१ विमानांपैकी ६० परतली नाहीत. बी-१७ मध्ये दहा माणसे असत, आणि नाट्याच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक असा, की त्यात दोन वैमानिक शेजारी शेजारी बसत. लँकॅस्टरसारख्या ब्रिटिश विमानात वैमानिक एकटाच असे, त्याच्या शेजारी असे तो इंजिने सांभाळणारा. त्यामुळे ब्रिटिश कथेत प्रतिस्पर्धी बाहेरून यावा लागतो, नट म्हणून किंवा परदेशी अधिकारी म्हणून. अमेरिकन कथेत तो डाव्या-उजव्या आसनांवर बसवता येतो. मुख्य वैमानिक बझ रिक्सन, भूमिका स्टीव्ह मॅक्क्वीन यांची, आणि सहवैमानिक बोलंड, भूमिका रॉबर्ट वॅग्नर यांची, एकाच चक्राच्या दोन प्रती हातात धरून उडतात आणि डॅफ्नी या एकाच इंग्रज तरुणीकडे ओढले जातात. बोलंडला मारावे लागते याचे दुःख आहे, रिक्सनला नाही. मागे फिरण्याचा हुकूम आला तरी रिक्सन ढगांखाली उतरून बॉम्ब टाकतोच, आणि लक्ष्य उडाल्यामुळे वरिष्ठांना त्याला शिक्षाही करता येत नाही. युद्धात ज्या गुणाचे पदक होते तोच त्याचा आजार आहे, असे हर्सी यांचे म्हणणे आहे.

डॅफ्नी आपल्याला सहज मिळेल या खात्रीने रिक्सन तिच्या घरी जातो आणि तेथे त्याचा पराभव होतो. त्याला माणसांची गरज नाही, त्याला फक्त जिंकण्याची गरज आहे, हे ती ओळखते. टेडीपाशी जे आहे ते रिक्सनपाशी नाही. स्वतःच्या भीतीची कबुली देण्याची ताकद म्हणा, की दुबळेपणा म्हणा, त्याच्या अंगी येत नाही. प्रेमाच्या स्पर्धेत तो हरतो तो बोलंड त्याच्याहून सरस असल्यामुळे नव्हे. बोलंड हा चित्रपटात तसा फिकाच माणूस आहे, आणि मॅक्क्वीन यांच्या शेजारी वॅग्नर यांना फार काही करण्याची संधी दिग्दर्शकाने दिलेली नाही. शेवटच्या मोहिमेत जखमी झालेल्या विमानातून रिक्सन सगळ्यांना उड्या मारायला लावतो आणि एकटाच ते घरी आणू पाहतो. डोव्हरच्या खडूच्या कड्यांवर ते आदळते. हा शेवट देखणा आहे, परंतु त्याने कादंबरीचा मुद्दा बोथट होतो. हर्सी यांच्या कादंबरीत एका मोहिमेचे तास आणि आधीचे सगळे महिने यांची प्रकरणे आळीपाळीने येतात. नायकाचा बुरूज कसा ढासळतो हे सहवैमानिक शेजारी बसून पाहत असतो, त्यामुळे तेथे वीरमरणाची शोभा शिल्लक राहत नाही. पडद्यावर मात्र मॅक्क्वीन यांचा चेहरा मोठा होत जातो आणि ज्याचा धिक्कार करायचा त्याच्याच प्रेमात चित्रपट पडतो.

हर्सी यांच्या लेखनाला एक पार्श्वभूमी होती, जी रॅटिगन यांच्या नाटकाला असणे शक्य नव्हते. १९४६ च्या ऑगस्टमध्ये 'न्यू यॉर्कर' या साप्ताहिकाने आपला एक संपूर्ण अंक हर्सी यांच्या एकाच लेखाला दिला होता. हिरोशिमात अणुबॉम्बखालून वाचलेल्या सहा माणसांची ती हकीकत होती. म्हणजे बॉम्ब टाकणाऱ्याच्या मनात शिरण्यापूर्वी तेरा वर्षे हा लेखक बॉम्ब झेलणाऱ्यांच्या घरी जाऊन आला होता. 'फ्लेअर पाथ'मध्ये जर्मनीतील शहरे कुठेच नाहीत. १९४२ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश वायुदलाला शत्रूच्या औद्योगिक कामगारांचे मनोधैर्य हेच लक्ष्य मानण्याचा आदेश निघाला होता. मे अखेरीस हजारावर विमाने एका रात्री कोलोन शहरावर गेली होती. आणि त्यानंतर अडीच महिन्यांत अपोलो थिएटरचा पडदा वर गेला. टेडी कुठे गेला होता, त्याने कशावर बॉम्ब टाकले, हे विचारण्याचे कुणाच्या मनात येत नाही, जणू विमाने काळोखात जातात आणि काळोखातून येतात. ज्या १९४१ सालात नाटक लिहिले गेले त्याच सालच्या ऑगस्टमध्ये छायाचित्रांच्या आधारे झालेल्या एका गुप्त सरकारी पाहणीत असे आढळले होते, की लक्ष्य गाठल्याचे सांगणाऱ्या विमानांपैकी तीनातले जेमतेम एकच लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोचत होते. पॅट्रिशियाचा संसार ज्या मोहिमेने सावरला तिचे बॉम्ब एखाद्या शेतात पडले असण्याचीच शक्यता जास्त. युद्धकाळातील नाटककाराकडून या ज्ञानाची अपेक्षा धरणे अन्यायाचे होईल, पण आजच्या वाचकाने नाटकाची ही मर्यादा नोंदवून ठेवली पाहिजे. तिच्यामुळे टेडीच्या भीतीला एकच तोंड राहते. आपण मरू हे भय त्यात आहे. आपण मारतो आहोत हे भय त्यात नाही. ते दुसरे भय या परंपरेत प्रथम डॅफ्नी बोलून दाखवते.

पॅट्रिशियाच्या निर्णयाविषयी मात्र मतभेद अजून मिटलेले नाहीत. रॅटिगन यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २०११ मध्ये, ट्रेव्हर नन यांनी लंडनच्या थिएटर रॉयल हेमार्केटमध्ये नाटकाचे पुनरुज्जीवन केले तेव्हा हा प्रश्न नव्याने विचारला गेला. स्त्रीने आपले प्रेम सोडून देशासाठी नवऱ्याजवळ राहावे, असा हा युद्धकालीन उपदेश आहे, असे एक पक्ष म्हणतो. नाटकात तशी वाक्ये आहेत, हे नाकारता येत नाही. आपण आता एका लढाईत आहोत आणि वैयक्तिक सुख तिच्यापुढे क्षुल्लक आहे, अशा आशयाचे पॅट्रिशिया काइलला सांगते, आणि त्या ठिकाणी तिच्या मागून माहिती मंत्रालयाचा आवाज ऐकू येतो. पण याच नाटकाने तिला अभिनेत्री केले आहे, आणि प्रतिस्पर्ध्यालाही नट केले आहे, ही निवड सहज झालेली वाटत नाही. तीन कोनांपैकी दोन कोनांवरची माणसे अभिनयावर पोट भरणारी, आणि तिसऱ्या कोनावरचा वैमानिक या दोघांपेक्षा सरस नट, जो रोज रात्री पाच-सहा साथीदारांसमोर बेफिकिरीची भूमिका करतो आणि एकदाही पकडला जात नाही. त्याचा मुखवटा उतरलेला पाहण्याचा हक्क त्याने एकट्या पॅट्रिशियाला दिला, आणि त्याच क्षणापासून तिच्या वाट्याला प्रेमळ पत्नीची भूमिका आली, जी त्याला कधीही भूमिका वाटता कामा नये. पुढे ती भूमिका तिच्या अंगवळणी पडून खरी होते, की ती आयुष्यभर प्रयोगच करत राहते, याचे उत्तर संहितेत दिलेले नाही. अखेरच्या दृश्यात पॅट्रिशिया इतरांबरोबर गाण्यात सामील होते तेव्हा तिचा चेहरा कसा असावा, हे प्रत्येक अभिनेत्रीला स्वतःच ठरवावे लागते.